पोथीवरील तेलाचे डाग : चाकण-चिंचवडकडील घरगुती सहवाचनाविषयीं एक टिपण

१. उपक्रम

हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांस तेलाच्या डागाचें किती वैर असतें हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. पुष्कळ पोथ्यांच्या शेवटीं एक जुना संस्कृत श्लोक लिहिलेला आढळतो. त्यांत पोथी स्वतःच वाचकास विनविते कीं, मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नको. ह्या चार शत्रूंत पहिला मान तेलाचा. आम्हींहि सुमारें तीस वर्षें ही विनवणी शिरसावंद्य मानिली. डागाळलेली पोथी हातीं आली म्हणजे नोंदवहींत ‘स्थिति वाईट’ असा शेरा लिहावा आणि पुढील पोथी उघडावी, असा आमचा क्रम होता.

प्रस्तुत टिपणांत ह्या पहिल्या शत्रूची बाजू मांडण्याचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें : घरांतील पोथी ही एकट्यानें वाचावयाची वस्तु नव्हती. अक्षर एकाकडे व अर्थ दुसऱ्याकडे, अशा दोघांच्या भागीदारीनें ती वाचली जाई. आणि त्या दोघांपैकीं एक पुष्कळदां आठ-दहा वर्षांचें मूल असे. ह्या भागीदारीचा लेखी पुरावा सहसा सांपडत नाहीं. जो सांपडतो तो पोथीच्या मजकुरांत नसून तिच्या मळांत आहे. तो मळ आम्ही संग्राहकांनीं आजवर दोष म्हणून नोंदविला, किंवा पुसून टाकिला.

२. प्रांत

येथें विचारांत घेतलेला प्रांत पवनेपासून भामेपर्यंतचा. पवनेच्या कांठीं मोरया गोसाव्यांचें चिंचवड, इंद्रायणीच्या कांठीं देहू व आळंदी, आणि त्यांच्या उत्तरेस जुन्नरच्या वाटेवर चाकण. चाकणचें नांव इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे तें संग्रामदुर्गामुळें. १६६० सालीं शाएस्तेखानाच्या फौजेपुढें फिरंगोजी नरसाळ्यानें तो सुमारें दोन महिने लढविला. १८५८ त खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी आली ती ह्याच प्रांतांतून. पुढें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, १९६२ त राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें, १९८२ त पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि त्यानंतर चाकणचा माळ मोटारींच्या कारखान्यांनीं भरून गेला.

म्हणजे ह्या प्रांताविषयीं लिहिणारास एका टोकास किल्ला व देवस्थानें आणि दुसऱ्या टोकास कारखाने, एवढीच सामग्री दिसते. मधल्या काळांत तेथील घरांत दिवेलागणीनंतर काय होत असे, ह्याची नोंद कोणी ठेविली नाहीं. मोरया गोसाव्यांचीं पदें चिंचवडास म्हटलीं जातात, देहूस गाथा वाचला जातो, आळंदीस ज्ञानेश्वरीचीं पारायणें होतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु देवळांतलें वाचन तें जाहीर. आम्हांस विचार करावयाचा आहे तो माजघरांतील वाचनाचा.

३. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा

ह्या प्रांतांतील दोन थोर ग्रंथांच्या जन्माची हकीकत पाहिली म्हणजे भागीदारीची रीत वाचनापूर्वीं लेखनांतच होती असें दिसतें. ज्ञानेश्वरीच्या समाप्तींत शके १२१२ ह्या कालनिर्देशाबरोबरच सच्चिदानंदबाबा हे लेखक झाल्याचा उल्लेख येतो. ग्रंथ नेवाशास सांगितला गेला, आणि सांगणारांची समाधि आमच्या इंद्रायणीकांठीं आहे. सांगणारा एक, उतरून घेणारा दुसरा.

दुसरें उदाहरण प्रत्यक्ष चाकणचें. संताजी जगनाडे हे मूळचे चाकणचे, धंद्यानें तेली. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत परंपरा त्यांची गणना करते, आणि त्यांची समाधि जवळच सुदुंबऱ्यास आहे. तुकोबांच्या मुखांतून ऐकलेले अभंग त्यांनीं वहींत उतरून ठेविले असें वारकरी मंडळी सांगत आली. मुंबई सरकारच्या आश्रयानें इंदुप्रकाश छापखान्यांत गाथ्याचे दोन भाग १८६९ व १८७३ सालीं निघाले. परंतु जगनाडे यांच्या नांवावर चालत आलेल्या वह्यांवरून स्वतंत्र गाथा छापण्याचें श्रेय ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांचें. तो ‘अस्सल गाथा’ १९१९-२० च्या सुमारास बाहेर पडला.

त्या वह्यांच्या पाठांविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. त्यांत पडण्याचा आमचा अधिकार नाहीं. आमचें लक्ष एका साध्या गोष्टीकडे आहे. संताजी हे पंडित नव्हते. घाण्याचा हिशेब ठेवण्यापुरतें अक्षर हातीं असलेल्या माणसानें तें अक्षर, ज्याच्याजवळ शब्द होता त्याच्या कामीं लाविलें. ही सोयरीक ध्यानांत ठेवावी; पुढें आजी व नातू ह्यांच्या वाचनांत तीच पुन्हां येणार आहे.

४. सलग ओळ

पोथी एकट्यानें वाचण्याजोगी नव्हती असें आम्ही म्हणतों त्याचें मुख्य कारण तिची ओळ. आमच्या पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत. ओळीच्या आरंभापासून शेवटापर्यंत अक्षर अक्षरास चिकटून चाले; मध्यें कोठें विसावा असलाच तर तो चरणाच्या शेवटीं दंडाचा, किंवा हिंगुळानें लिहिलेल्या ओवीच्या आंकड्याचा. मोडींत तर शिरोरेषा आधींच ओळभर आंखलेली असे आणि तिच्याखालीं अक्षरें ओवीत जावयाचें. शब्द कोठें संपला हें कागद सांगत नसे. तें वाचणाराच्या कानाला ठाऊक असावें लागे.

उदाहरणार्थ, ‘देवालयांतगेला’ एवढीं अक्षरें सलग लिहिलेलीं आहेत असें समजा. ज्याला गोष्ट ठाऊक आहे तो ‘देवालयांत गेला’ असें सहज वाचील. ज्याला केवळ अक्षरओळख आहे तो ‘देवा, लयांत गेला’ असें वाचून ऐकणारांस घाबरवील. अक्षर दोघांनींहि बरोबरच वाचलें. चूक झाली ती पदच्छेदांत.

वैदिकांनीं हीच अडचण ओळखून संहितापाठाबरोबर पदपाठ रचला. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्यांच्या नांवें प्रसिद्ध आहे. संथा देतांना गुरु एकदां म्हणतो आणि शिष्य दोनदां म्हणतो. शिष्याच्या मुखीं पद कोठें तुटतें हें गुरूच्या कानास कळतें, आणि चूक तेथल्या तेथें सुधारली जाते. माजघरांत शाकल्य नव्हते. तेथें पदपाठाचें काम आजी करीत असे.

हें आम्ही अनुभवानें सांगतों. आम्ही दुसरी-तिसरींत असतांना, म्हणजे १९६८-६९ च्या सुमारास, आमच्या घरीं श्रावणांत पोथी लागे. ती छापील होती, परंतु शिळाछापाची, जुन्या वळणाची, सुट्या पानांची आणि सलग ओळींची. वाचणारे आम्ही. ऐकणारी आजी, जिला सही करतां येत नव्हती. तरी आमची प्रत्येक चूक ती पकडी. “थांब. तिथं श्वास नाही घ्यायचा,” एवढेंच ती म्हणे. पन्नास वर्षें ऐकून ऐकून तिच्या कानांत ओव्यांचीं पदें आपोआप तुटलेलीं होतीं. आमच्याजवळ अक्षर होतें, तिच्याजवळ अर्थ होता. एकट्यानें वाचलें असतें तर आम्हांस कांहीं कळलें नसतें. एकटी बसली असती तर तिला पान नुसतें काळें दिसलें असतें. दोघें मिळून आम्ही एक वाचक होतों.

शाळेंत पुढें आम्हीं छत्तीस वर्षें मराठी व संस्कृत शिकविलें. वाचावयास शिकविण्याचे नवेनवे प्रकार वेळोवेळीं वरून येत गेले. त्यांतील पुष्कळ चांगले होते. परंतु चुकणाऱ्या मुलास न रागावतां, त्याच्या जिभेस अर्थाच्या वाटेवर आणून सोडण्याची जी कला त्या निरक्षर बाईस साधली होती, ती आम्हांस नोकरीच्या अखेरीसहि पुरती साधली नाहीं.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. पोथी सर्वांच्या घरीं नव्हती. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे येऊं दिलें जात नसे, त्यांचीं मुलें ह्या वर्तुळाबाहेरच ठेविलीं गेलीं. आणि ज्या घरांत पोथी होती तेथेंहि मुलीच्या हातीं ती सहसा दिली जात नसे. जुन्या रीतीचा गौरव करतांना ही बाजू झांकणें योग्य नव्हे.

५. डागांचें वर्गीकरण

आतां पुराव्याकडे वळूं. पोथीवरील मळ एकाच जातीचा नसतो. गेल्या कांहीं वर्षांत ज्या घरगुती पोथ्या आमच्या पाहण्यांत आल्या त्यांवरून त्याचे चार प्रकार करतां येतात.

पहिला, पूजेचा. हळद, कुंकू, अष्टगंध, क्वचित् चिकटलेला अक्षतेचा दाणा. हा बहुधा पहिल्या व शेवटल्या पानावर असतो. ज्या पोथीचीं हीं दोन पानें रंगलेलीं व मधलीं सर्व कोरीं, ती पुजली गेली, वाचली गेली नाहीं. संग्राहकांस अशी पोथी फार आवडते, कारण तिची ‘स्थिति उत्तम’ असते.

दुसरा, दिव्याचा. समईच्या किंवा पणतीच्या तेलाचे थेंब. हे पोथीभर सारखे नसतात. कांहीं अध्यायांवर मुळींच नसतात व एखाद्या अध्यायावर दाट असतात. शिवलीलामृताच्या पोथींत अकरावा अध्याय बहुतेक तेलकट सांपडतो, कारण तो पुष्कळ घरीं नित्य वाचण्याचा प्रघात आहे. डाग कोठें आहेत हें पाहिलें म्हणजे त्या घराला कोणती गोष्ट प्रिय होती हें कळतें.

तिसरा, बोटांचा. पान उचलण्याच्या कडेस कागद काळवंडतो व मऊ पडतो. लक्षपूर्वक पाहिल्यास कित्येक पानांवर दोन आकाराचे ठसे एकमेकांशेजारीं दिसतात, एक मोठा व एक लहान. पोथी वाचणाराशेजारीं बसून पान उलटण्याचें काम घरांतल्या लहानाकडे असे. पान फाटूं न देतां, क्रम न चुकवितां तें उलटून खालीं ठेवणें ही त्याची पहिली परीक्षा.

चौथा, अक्षरांचा. आद्य पानाची पाठ कोरी असते. तेथें वेडेवांकडे ‘श्री’, ‘ग’, ‘ण’ काढलेले असतात, किंवा ‘ओनामासीधं’ गिरविलेलें असतें. हें मूळ ‘ॐ नमः सिद्धम्’. जुन्या पंतोजींच्या शाळेंत धुळपाटीवर मुलाचा आरंभ ह्यानेंच होई. लेखकानें हरताळ लावून शुद्ध केलेल्या पोथीच्या पाठीवर असा अशुद्ध ओनामा आढळला कीं तो खोडसाळपणा समजण्याचा प्रघात आहे. आमच्या मतें तो त्या घरांतील वाचकाच्या नेमणुकीचा कागद आहे.

६. आमची चूक

हें वर्गीकरण आम्हांस ग्रंथ वाचून सुचलें नाहीं. तें एका चुकीमुळें सुचलें, आणि ती येथें नमूद करणें आमचें कर्तव्य आहे.

सुमारें बारा वर्षांपूर्वीं, आम्ही नोकरींत असतांनाच, चाकणच्या उत्तरेस एका गांवीं शिवलीलामृताची हस्तलिखित पोथी असल्याचें कळलें. श्रीधरांचा हा ग्रंथ शके १६४० चा, म्हणजे इ. स. १७१८ चा, आणि त्याच्या नकला गांवोगांव झाल्या. त्यामुळें पाठाच्या दृष्टीनें तिचें मोल थोडें. परंतु कागद जुन्नरी दिसत होता आणि अक्षर सुरेख होतें. घर शेतकऱ्याचें. निम्मी जमीन कारखान्यांकडे गेली होती आणि जुनें घर पाडून नवें बांधावयाचें ठरलें होतें. ह्या गडबडींत पोथी वाळवीच्या भक्ष्यस्थानीं पडेल असें आम्हीं घरच्यांस पटवून दिलें. घरांत सत्तरीपुढच्या एक आजीबाई होत्या व तिसरींतला एक नातू होता. आजीबाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं पोथीस हळदकुंकू वाहिलें आणि बासनासकट ती आमच्या हातीं दिली. आम्हीं ती एका संग्रहाच्या स्वाधीन केली. नोंद आम्हींच लिहिली : पानें, ओळी, लांबीरुंदी, आदि-अंत, आणि शेवटीं शेरा, ‘तेलाचे डाग फार, स्थिति मध्यम’.

पुढल्या श्रावणांत त्या बाजूस जाणें झालें म्हणून सहज डोकावलों. नव्या घरांत भिंतीशीं पाट मांडलेला होता व त्यावर कांहींच नव्हतें. नातवानें विचारलें, “गुरुजी, आमची पोथी कधी आणणार? पानं मी उलटायचो.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

आठवड्यानें आम्हीं बाजारांतून त्याच ग्रंथाची स्वच्छ, मोठ्या टाइपाची, शब्द तोडून छापलेली प्रत नेऊन दिली. मनांत असें कीं पहिल्यापेक्षां ही मुलास वाचावयास सोपी. आजीबाईंनीं ती डोक्यास लाविली, उघडली, चार पानें उलटून पाहिलीं आणि मिटली. “अक्षरं तीच असतील, गुरुजी,” त्या म्हणाल्या. “पण ह्याच्यात आमचे डाग कुठं हायेत? मला कुठं वाचता येतंय? मोठा डाग आला की कोंबडा-माकडाची गोष्ट येती. कोपरा फाटका आला की सीमंतिनी. पोरगं दोन पानं उलटून गेलं, तर मला त्याच्यावरनं कळायचं.”

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, जो आम्हीं दोष म्हणून नोंदविला तीच त्या बाईंची अक्षरमाला होती. नातू अक्षरें वाचीत असे, त्या डाग वाचीत असत, आणि दोन्ही वाचनें जुळलीं म्हणजे गोष्ट पुढें चाले. आम्हीं वाळवीपासून पोथी वांचविली, आणि तिचे दोन वाचक मात्र बंद पाडले.

पुढें संग्रहाच्या परवानगीनें आम्हीं त्या पोथीचीं रंगीत छायाचित्रें काढविलीं आणि मूळ आकाराचीं सुटीं पानें करून तीं बासनांत बांधून घरीं पोंचविलीं. डाग जेथल्या तेथें उतरले होते. आजीबाईंनीं बोट ठेवून दोन-तीन डाग तपासले आणि मान हलविली. वाचन पुन्हां सुरू झालें, पण तोंवर एक श्रावण गेला होता आणि नातू चौथींत चढला होता. आज त्या बाई नाहींत. त्यांच्याशेजारीं बसून पांच डागांचा अर्थ आम्हीं लिहून घेतला. बाकीचे आम्ही पुढें कधींतरी विचारणार होतों.

७. छापखाना, मुलांचीं पुस्तकें व वाचनालयें

ही भागीदारी कारखान्यांनीं मोडली असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें तिला पहिला तडा छापखान्यानें दिला, आणि त्यांत वाईट कांहीं नव्हतें. पुस्तकांत शब्द सुटे झाले, विरामचिन्हें आलीं, आणि मूल एकटें वाचूं लागलें. मुलांसाठीं म्हणून छापलेलीं पुस्तकेंहि आलीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तंजावरास सरफोजी राजांच्या छापखान्यांत इसापाच्या गोष्टींचें मराठी ‘बालबोध मुक्तावली’ निघालें. मुंबईस सदाशिव काशिनाथ छत्रे यांचीं ‘बालमित्र’ व ‘इसपनीतिकथा’ हीं १८२८ त निघालीं. विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ सालीं ‘बालबोध’ मासिक काढलें, वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ त ‘आनंद’ काढलें, आणि बालभारतीनें १९७१ त ‘किशोर’ सुरू केलें. ह्या पुस्तकांनीं व मासिकांनीं ज्यांच्या घरीं पोथी नव्हती अशा मुलांपर्यंतहि अक्षर नेलें.

वाचनालयांचा इतिहास ह्याहून संथ आहे. १८४८ सालीं पुण्यांत लोकहितवादींच्या पुढाकारानें नेटिव्ह जनरल लायब्ररी उघडली, जी आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून चालते. त्याच वर्षीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं भिडेवाड्यांत मुलींची शाळा उघडली. एका बाजूस वर्गणीदार प्रौढांसाठीं ग्रंथ आले, दुसऱ्या बाजूस ज्यांना अक्षर नाकारलें होतें त्या मुलींच्या हातीं पाटी आली. परंतु शाळेंतलें मूल वाचनालयांत आणून बसवावें ही कल्पना रुजावयास फार काळ गेला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं १९१० त बोर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून जी ग्रंथालयें उभारलीं त्यांत फिरत्या पेट्या होत्या आणि मुलांसाठीं निराळें दालन होतें. महाराष्ट्र राज्यांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालीं झाला.

छापील पुस्तकानें मूल स्वतंत्र झालें, हें खरें. परंतु त्याबरोबर घरांत अशी समजूत रूढ झाली कीं, मुलाचें वाचन हें मुलाचें काम, वडीलधाऱ्यांचें नव्हे; आणि ज्या आईबापांस वाचतां येत नाहीं त्यांचा तर त्याशीं संबंधच नाहीं. ह्या दुसऱ्या समजुतीनें जें नुकसान झालें तें पहिल्यापेक्षां मोठें आहे.

८. आजचें चिंचवड

निवृत्त झाल्यावर आम्ही रविवारीं सकाळीं चिंचवडांतील एका वाचनालयांत सहा ते दहा वर्षांच्या मुलांबरोबर वाचावयास बसतों. बहुतेक मुलें कारखान्यांतील कामगारांचीं. आईबाप मराठवाड्यांतून, खानदेशांतून, विदर्भांतून, आणि बिहार-उत्तर प्रदेशांतूनहि आलेले. आरंभीं पालक मुलास दारांत सोडून बाहेर कट्ट्यावर बसत. आंत या म्हटलें तर संकोचून म्हणत, “आम्हाला काय येतंय, गुरुजी?”

अशाच एक बाई बिहारकडील. त्यांचा मुलगा मराठी शाळेंत दुसरींत. त्यांना मराठी अक्षर येत नाहीं, बोलणेंहि कामापुरतें. एके दिवशीं पावसामुळें त्यांना आंत बसावें लागलें. मुलगा चित्रांचें पुस्तक वाचीत होता, म्हणजे अक्षरामागून अक्षर उच्चारीत होता; वाक्य संपलें तरी त्याला अर्थाचा पत्ता नव्हता. आईनें चित्रावर बोट ठेवून आपल्या भाषेंत कांहीं विचारलें. मुलगा थांबला, त्यानें तीच ओळ पुन्हां वाचली, ह्या वेळीं शब्द तोडून, आणि तिला तिच्या भाषेंत सांगितली. पान उलटलें. पुन्हां आईचें बोट चित्रावर.

आम्हांस चाकणकडच्या आजीबाईंचे डाग आठवले. बोट ठेवण्यास जागा असली आणि पुढें काय झालें हें खरोखर जाणून घेणारें माणूस शेजारीं असलें, म्हणजे अक्षराचा शब्द होतो व शब्दाची गोष्ट होते. तें माणूस साक्षर असलेंच पाहिजे असें नाहीं.

जुन्या माजघरांतून आज घेण्याजोगें जें आम्हांस दिसलें तें येणेंप्रमाणें. वाचतांना ओळीखालीं बोट असावें, मुलाचें किंवा मोठ्याचें. दर अक्षराची चूक काढूं नये. जेथें अर्थ मोडतो तेथेंच थांबवावें. एका पानास मोठ्यानें वाचावें, दुसऱ्यास मुलानें. पान उलटण्याचा मान सर्वांत लहानाचा. आणि मुलानें तेंच पुस्तक सातव्यांदा मागितलें तर नवें पुढें करूं नये. मोठीं माणसें सात दिवस पारायण करतात तेव्हां तीच पोथी पुन्हां कां, असें कोणी विचारीत नाहीं. मूलहि आपलें पारायण करीत असतें.

वाचनालयांच्या चालकांस एक विनंती. भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी असते ती असूं द्यावी, परंतु एक कोपरा असा ठेवावा कीं जेथें मोठ्यानें वाचलेलें चालेल. आमच्याकडील वाचन हजारों वर्षें कानांचें होतें. सात वर्षांच्या मुलास तें एका दिवसांत डोळ्यांचें करतां येत नाहीं.

९. संग्राहकांस सूचना

शेवटीं आमच्या स्नेह्यांस, म्हणजे पोथ्या जमविणाऱ्या मंडळींस, चार सूचना करून हें टिपण पुरें करतों.

घरांतून पोथी हलविण्यापूर्वीं त्या घरीं तिचें एक वाचन ऐकावें, आणि घरच्यांची संमति असल्यास तें ध्वनिमुद्रित करावें. आज हें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे. दुसरें, डाग, ठसे व मुलांचे ओनामे पुसूं नयेत. वाळवी व बुरशी ह्यांचा बंदोबस्त करावा, मळाचा नव्हे. तिसरें, मूळ पोथी संग्रहांत आणिल्यास तिची त्याच आकाराची रंगीत प्रत, डागांसकट, घरीं परत द्यावी, आणि ती पुढल्या श्रावणाच्या आधीं द्यावी. चौथें, कोणता डाग काय सांगतो हें सांगणारें माणूस हयात असेल तर त्याच भेटींत विचारून लिहून घ्यावें. पुढच्या खेपेवर ठेवूं नये.

आम्ही ज्या संग्रहाचें काम पाहतों तेथील नोंदवहींत ‘स्थिति’ ह्या रकान्याशेजारीं ‘वाचन’ असा एक रकाना नवा आंखून घेतला आहे. बहुतेक पोथ्यांपुढें तो रिकामा आहे, आणि आतां तो भरून निघण्याचा संभव थोडा. शिवलीलामृताच्या त्या एका पोथीपुढें मात्र असें लिहिलें आहे : ‘आजी व नातू. श्रावणांत, रोज. पानें नातू उलटी.’